त्याने फुलं नाही आणली, वकील आणला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे एक लेख आला होता, हल्ली लोक काय वाचतात यावर. त्यात हिस्टॉरिकल रोमान्स, म्हणजे ज्यात ड्यूक, बग्गी, बॉल डान्स आणि शेवटी लग्न असतं त्या कादंबऱ्यांना एका परिच्छेदात निकालात काढलंय. म्हणणं काय तर एक, शेवट पहिल्या पानावरच कळतो आणि दोन, या रिकामटेकड्या बायकांनी वाचायच्या गोष्टी आहेत. मी पुरुष आहे, वय ६६, वकिलाच्या ऑफिसात ३९ वर्षं दस्त तयार करण्यात आणि तपासण्यात गेली, आणि गेल्या महिन्यात मी अशी एक कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचली, तीही मोठ्याने. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण ते सेटलमेंटचं तेवढं ठेवा.

मोठ्याने का, तर हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले थोडे दिवस डोळ्यांना ताण नको, आणि हिची कादंबरी टॅबवर नेमकी अर्ध्यात अडकलेली. दोन दिवस चुळबुळ बघितली आणि म्हटलं आण इकडे, मी वाचतो. मधूनच वाचायला घेतलं तर मला काही कळेना कोण कुणाचं कोण, म्हणून परत पहिल्यापासून सुरू केलं. आणि माझं इंग्रजी ऐकलं की हिला झोप येते (हे तिचंच मत), तेव्हा ठरलं असं की डोळ्याने इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं. इथूनच सगळी मजा सुरू झाली.

कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाव सांगितलं की लोक पुस्तक सोडून लेखिकेवर बोलायला लागतात. काळ १८१६ चा, इंग्लंड. याला रीजन्सी म्हणतात, राजा तिसरा जॉर्ज वेडसर झाला म्हणून १८११ मध्ये त्याच्या मुलाला रीजंट म्हणजे कारभारी नेमलं आणि १८२० मध्ये राजा मेला तेव्हा हा काळ संपला. जेमतेम नऊ वर्षं, पण त्या नऊ वर्षांवर लोक आजही पोत्याने कादंबऱ्या लिहितायत. खरं तर त्या काळात राजघराण्याबाहेरचे ड्यूक तीससुद्धा नव्हते, आणि त्यातले तरुण, देखणे, बिनलग्नाचे कितीसे असणार, कादंबऱ्यांतले सगळे ड्यूक गोळा केले तर एक पलटण उभी राहील. आमच्या कादंबरीत मात्र ड्यूक नाही याचं मला बरं वाटलं. आमचा हीरो धाकटा मुलगा, वॉटर्लूच्या लढाईत पाय दुखावलेला कॅप्टन, लढाई संपल्यावर घरी बसलेला आणि अर्ध्या पगारावर. हे अर्ध्या पगाराचं खरं आहे, युद्ध संपलं की अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर घरी पाठवायचे. हिरॉइन २० वर्षांची, आईबाप गेलेले, मावशीच्या घरी राहते, मावशीचा नवरा तिचा पालक. बापाचं घर आणि जमीन एका कझिनकडे गेली, आणि मावशीच्या नवऱ्याची इच्छा ही की तिने त्याच कझिनशी लग्न करावं म्हणजे घर घरात राहील.

आता "कझिन" मराठीत कसं सांगणार? आपल्याकडे आते, मामे, चुलत, मावस असं काहीतरी सांगावंच लागतं आणि इंग्रजी पुस्तक काही सांगायला तयार नाही. मग माझं ऑफिसातलं डोकं चाललं. इस्टेटीला एन्टेल होतं, म्हणजे पूर्वजांनी कागद करून ठेवलेला की ही जमीन फक्त पुरुषाकडून पुरुषाकडे जाणार, मुलीला नाही आणि मुलीच्या मुलालाही नाही. म्हणजे मामे, मावस, आते तिन्ही बाद, हा चुलतच असणार, नाहीतर वारस झालाच नसता. मी मोठ्या ऐटीत "चुलतभाऊ" म्हटलं तर ही डोळ्याला पट्टी असूनही उठून बसली, चुलतभावाशी लग्न? म्हटलं तिकडे चालतं. नाही म्हणे, तुम्ही लांबचा करा. मग आम्ही त्याला चुलत-चुलत केला आणि गोष्ट पुढे सरकली.

असे शब्द पानोपानी. शॅपरोन आला तेव्हा मी अडलो, तर ही झोपल्या झोपल्या म्हणाली "पाठराखीण", आणि काय चपखल बसला तो शब्द. स्पिन्स्टरला घोडनवरी. कर्रिकल, फेटन, बरूश अशा गाड्यांच्या दहा जाती येतात, मी सरसकट बग्गी म्हणायचो, तर हिने नियम केला की दोनचाकी असेल तर तसं सांगायचं, कारण दोनचाकीत पाठराखणीला जागा नसते आणि मग त्याला अर्थ असतो. हे मला सुचलंच नव्हतं. टांगा मात्र म्हणू दिलं नाही.

पण सगळ्यात मोठं भांडण "तू" आणि "तुम्ही" वरून. इंग्रजीत काय, सगळ्यांना यू. मराठीत सांगताना मला दर वाक्याला ठरवावं लागतं की हे दोघं आता किती जवळ आलेत. सुरुवातीला अर्थातच तुम्ही. मग सहाव्या की सातव्या प्रकरणात बग्गीचं चाक निखळतं, दोघं पावसात भिजतात, तो तिला आपला कोट देतो, तिथे ही म्हणाली आता तू म्हणायला हरकत नाही. मी म्हटलं अजिबात नाही, तो अजून तिला मिस अमुक म्हणतोय, नुसत्या नावाने हाक मारलेली नाही. त्या काळात तेच तर होतं, बाईला पहिल्या नावाने हाक मारायचा अधिकार फार थोड्यांना, म्हणजे त्यांचं पहिलं नाव हेच आपलं तू. ही म्हणे ओठांवर एक आणि मनात एक असतं, मनात त्याने केव्हाच तू म्हटलंय. म्हटलं मी मनातलं कसं वाचू, कागदावर असेल ते वाचणार. आठ दिवस हा वाद चालला. हे सांगायचं कारण, तुमच्या लेखकाने या कादंबऱ्या एकसारख्या असतात असं लिहिलंय. असतील. पण एक माणूस दुसऱ्याला तुम्हीवरून तूवर कधी येतो यावर घरात आठ दिवस भांडता येतं अशी किती पुस्तकं तुमच्या परीक्षणाच्या कॉलमात येतात ते जरा बघा.

आता कायद्याकडे येतो, माझा प्रांत. १७५३ मध्ये इंग्लंडात लग्नाचा कायदा झाला, पुढच्या वर्षी लागू झाला. त्याप्रमाणे लग्न चर्चमध्ये लागणार, त्याआधी तीन रविवार पुकारा करायचा की अमक्याचं तमकीशी लग्न आहे, कुणाची हरकत असेल तर बोला, नाहीतर बिशपकडून लायसन्स काढायचं. आणि वय २१ च्या आत असेल तर लायसन्सला बापाची किंवा पालकाची संमती लागणार, आणि नुसत्या पुकाऱ्यावर उरकू म्हटलं तरी पालकाने उभं राहून हरकत घेतली की पुकारा रद्द. लग्नसुद्धा सकाळी आठ ते बाराच्या मध्येच. (ही म्हणाली म्हणजे मुहूर्त सकाळचाच.) स्पेशल लायसन्स म्हणून एक असायचं, कुठेही कधीही लग्न करा, पण ते कँटरबरीच्या आर्चबिशपकडूनच मिळायचं. या कादंबऱ्यांत हीरो लोक ते असं खिशातून काढतात जसं काही कोपऱ्यावर मिळतं, ते मला पटत नाही.

हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिकडे दोन साक्षीदारांसमोर दोघांनी म्हटलं की आम्ही नवराबायको, झालं लग्न, पालक वगैरे काही नाही. म्हणून लंडनहून तीनशे मैलांच्या वर घोडे बदलत बदलत पोरंपोरी पळायची आणि हद्द ओलांडली की पहिलंच जे गाव, ग्रेटना ग्रीन, तिथे लग्न लावायची. पाठीमागे बाप दुसऱ्या गाडीत. १८५६ मध्ये जाऊन कायदा केला की दोघांपैकी एकाने तरी आधी २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलं पाहिजे, तेव्हा ही धावपळ कमी झाली.

तर आमच्या कादंबरीत हिरॉइनला २१ पूर्ण व्हायला तीन महिने आहेत, मावशीचा नवरा काही ऐकत नाही, चुलत-चुलत रोज जेवायला येतोय, आणि हीरो म्हणतो चल, ग्रेटनाला जाऊ, गाडी तयार आहे. मी वाचता वाचता पुढचं पान गृहीत धरलं होतं, आता पळणार, पाठलाग होणार, रात्रीची सराय, एकच खोली शिल्लक. आणि ती पोरगी म्हणते, नाही.

का नाही? तर तिच्या आईचे ५,००० पाउंड तिच्या नावावर सरकारी रोख्यांत होते, तीन टक्क्यांचे, म्हणजे वर्षाला १५० पाउंड. तेवढंच तिचं स्वतःचं. त्या काळी बाईने लग्न केलं की तिचे पैसे, दागिने, रोखे जे काही असेल ते नवऱ्याचं. बाईच्या नावावर काही राहतच नाही, तिने कमावलेलंही नवऱ्याचं, हे बदलायला १८७० आणि मग नीट बदलायला १८८२ चा कायदा यावा लागला. यातून वाट एकच होती, लग्नाआधी सेटलमेंट करायचं, पैसे ट्रस्टींच्या नावावर टाकायचे, व्याज बाईच्या हातात द्यायचं, नवऱ्याने हात लावायचा नाही आणि नवऱ्याच्या सावकारांनीही नाही. पळून जाऊन लग्न केलं तर हा कागद होणार कधी? आणि हीरोच्या बापाने जुगारात घर बुडवलेलं, सावकार दारात. ती त्याला सांगते, माझं तुमच्यावर प्रेम आहे पण माझ्या आईचं तुमच्या वडिलांच्या सावकाराला द्यायचं नाहीये, तीन महिने थांबू.

संपादक साहेब, इथे मी टॅब खाली ठेवला. ही म्हणाली काय झालं, वाचा की. मी आयुष्यात किती हक्कसोडपत्रं केली त्याचा हिशोब नाही. बहिणी यायच्या, भाऊ सोबत असायचा, मी म्हणायचो ताई वाचून घ्या मग सही करा, आणि ताई न वाचता सही करायच्या, वर मलाच म्हणायच्या वाचायचं काय त्यात. तो विषय वेगळा आहे, त्यात शिरत नाही. पण २० वर्षांची एक पोरगी प्रेमात आकंठ बुडालेली असताना कागद मागते आणि कादंबरी तिला स्वार्थी ठरवत नाही, हे बघून मला कसंतरी झालं.

हीरो रागावून निघून जातो. त्याला वाटतं आपल्यावर विश्वास नाही. पुढे शंभर-दीडशे पानं दोघं भेटत नाहीत, आणि मध्ये त्या पत्राचा घोळ. तेव्हा टपालाचे पैसे पाठवणारा नाही, घेणारा भरायचा, किती अंतर आणि किती कागद त्यावर दर. म्हणून लोक एकाच कागदावर आडवं लिहून झालं की कागद फिरवून त्याच ओळींवर उभं लिहायचे, दुसरा कागद नको. १८४० मध्ये एक पेनीचं तिकीट आलं आणि पाठवणाऱ्याने आधीच भरायची पद्धत सुरू झाली. तर हीरो माफीचं पत्र पाठवतो, पोस्टमन दारात येतो, मावशी विचारते किती, आकडा ऐकते आणि म्हणते नको, परत न्या. गेलं पत्र! खलनायक नाही, कट नाही, चोरलेलं पत्र नाही, मावशीची काटकसर. मला हे कुठल्याही तलवारबाजीपेक्षा जास्त आवडलं. हल्लीच्या गोष्टीत दोघांत गैरसमज झाला तर वाचणारा म्हणतो अरे एक फोन कर ना, विषय संपव. तिकडे फोन नाही, टपाल महाग, मुलीला एकटीने बाहेर पडता येत नाही, कायदा आडवा, पैसा आडवा, म्हणजे अडथळा लेखिकेने ओढूनताणून आणायची गरजच नाही, तो काळच अडथळा आहे. माझ्या मते या प्रकाराची खरी गंमत ती, कपडे आणि झुंबरं नंतर.

मध्ये एक बॉलचा प्रसंग आहे त्याबद्दल थोडं. जुलै १८१६. वॉल्ट्झ तेव्हा नवीन, नाचताना पुरुषाचा हात बाईच्या कमरेला, म्हणून केवढा गहजब. रीजंटच्या दरबारी नाचात वॉल्ट्झ झाला तर लंडनच्या टाइम्सने त्याला असभ्य परदेशी नाच म्हणून झोडपलं होतं. वर्तमानपत्रांना लोकांच्या करमणुकीची काळजी तेव्हाही होती बघा. आमच्या हीरोला पाय दुखावल्यामुळे नाचता येत नाही. तर सगळे नाचतायत आणि ही दोघं भिंतीशी बसलेली, आणि तो तिला ब्रसेल्सची रात्र सांगतो. ती रात्र खरी आहे, १५ जून १८१५, डचेस ऑफ रिचमंडने बॉल दिला होता, इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन तिथे होता, आणि नाच चालू असतानाच बातमी आली की नेपोलियन येऊन ठेपला. अधिकारी तसेच निघाले, काहींना कपडे बदलायलाही वेळ मिळाला नाही, नाचाच्या पोशाखात लढाईला उभे राहिले. तिसऱ्या दिवशी, १८ तारखेला वॉटर्लू. तो म्हणतो त्या रात्री मी ज्यांच्यासोबत नाचलो त्यातल्या चार मुली महिन्याभरात काळ्या कपड्यांत होत्या. नंतर बराच वेळ दोघं काहीच बोलत नाहीत. ही म्हणाली, आता तरी तू म्हणा. मी नाही म्हटलं, पण मनातून हललो होतो.

आणि पाऊस. पूर्ण पुस्तकभर पाऊस आणि थंडी, जुलैतही शेकोटी. मला वाटलं वातावरणनिर्मिती आहे. पण १८१६ ला खरोखरच उन्हाळा नव्हता, आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या धुळीने युरोपात पिकं गेली, धान्य महागलं. कादंबरीतल्या लोकांना हे कारण माहीत नाही, ते नुसते आकाशाकडे बघतात आणि कुरकुरतात. लेखिकेलाही सांगायचा मोह झालेला दिसत नाही, तिने ते कुठेच लिहिलं नाही, तांबोराचं मला आमच्या मुलीने सांगितलं. हे कौशल्य मोठं आहे. जेन ऑस्टिन त्याच वर्षांत लिहीत होती पण तिला तो इतिहास नव्हताच, तिचा रोजचा दिवस होता, तिला टपालाचा दर समजावून सांगायची गरज नव्हती. आज लिहिणाऱ्याला सगळं सांगावं लागतं, पण सांगतोय हे कळू द्यायचं नाही.

चूक एक सापडली. हीरो काडी ओढून मेणबत्ती लावतो. १८१६ साली! घासून पेटणारी काडी जॉन वॉकर नावाच्या इंग्रज केमिस्टने विकायला काढली १८२७ मध्ये, त्याआधी चकमक झाडा आणि कापूस पेटवा. मी वाचन थांबवून हे सांगितलं तर ही म्हणाली, पेटली ना? मग पेटू दे की. प्रसंग नाजूक होता हे मान्य.

आणि एक गोष्ट चूक नाही पण बोचली. हिरॉइनचा एक काका आहे, श्रीमंत, गमत्या, पुस्तकातला सगळ्यात गोड म्हातारा. शेवटी हीरोच्या घरावरचं कर्ज तोच फेडतो. पैसे कुठून आले, तर एका ओळीत सांगितलंय की तरुणपणी वेलस्लीबरोबर असईला होता, मराठ्यांच्या लढाईत. मी मराठीत वाचून गेलो पुढे, आणि ही म्हणाली थांबा, असई म्हणजे आपली जालना जिल्ह्यातली? १८०३? म्हटलं हो, तीच, आणि वेलस्ली म्हणजेच पुढे वेलिंग्टन. ही म्हणाली, म्हणजे या पोरीच्या सुखाचं बिल आपण भरलंय. मला हसू आलं आणि मग आलं नाही. या कादंबऱ्यांत पैसा असाच येतो, भारतातून, नाहीतर वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांतून, आणि ते मळे गुलाम राबवत होते, गुलामांचा व्यापार १८०७ ला बंद झाला पण गुलामी चालूच राहिली, ती मोडायचा कायदा १८३३ चा. कादंबरी त्यावरून अलगद निघून जाते. आपण वाचणाऱ्यांनी तिथे थांबू नये असं कुणी सांगितलंय? आम्ही थांबलो, दोघं बोललो, आणि मग पुढे वाचलं, कारण पुढे काय होतं ते हवंच होतं.

आता ते सेटलमेंट.

ऑक्टोबरचा दिवस, तिचा एकविसावा वाढदिवस, पाऊस. चुलत-चुलत फुलं घेऊन आलेला आहे, हिवाळ्याच्या तोंडावर फुलं, म्हणजे काचघरातली, महागडी. आणि हीरो येतो तो भिजलेला, लंगडत, आणि त्याच्यामागे सर्दी झालेला एक म्हातारा. पाहुणे सगळे बघतायत हा म्हातारा कोण. तो वकील. तो चामड्याच्या पिशवीतून कागद काढतो. पाच हजार पाउंड तिचे, ट्रस्टी दोन, त्यातला एक तिच्या आईचा भाऊ, व्याज तिच्या स्वतंत्र उपभोगासाठी, नवऱ्याचा अधिकार नाही, नवऱ्याच्या सावकारांचा अधिकार नाही. हीरोने खाली आधीच सही केलेली. प्रेमाचं एकही वाक्य नाही. तो फक्त म्हणतो, वाचून घ्या, घाई नाही.

आणि ती वाचते. पूर्ण वाचते. चार पानं ती नुसती वाचतेय, तो थिजून उभाय, त्याच्या कोटाचं पाणी गालिच्यावर, वकील शिंकतोय, मावशी गालिच्याकडे बघतेय. मग ती एका जागी बोट ठेवून विचारते, इथे ट्रस्टी मेला तर दुसरा कोण नेमणार ते लिहिलेलं नाही. संपादक साहेब, बरोबर प्रश्न होता! मी ३९ वर्षं वाट बघत होतो कुणीतरी हा प्रश्न विचारावा. वकील म्हणतो, नेमणूक तुम्ही करणार मॅडम, ते मागच्या पानावर आहे. ती पान उलटते, बघते, आणि मग पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून त्याचं पहिलं नाव घेते. नुसतं नाव.

मी वाचलं, "तू भिजलायस."

ही काही बोलली नाही. पट्टीच्या खालून पाणी आलं तर डोळ्याला चालतं का ते मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून घेतलं.

तुमच्या लेखकाचा मुद्दा राहिला, शेवट माहीत असतो. अहो, सौभद्रात सुभद्रा कुणाला मिळते हे १८८२ पासून सगळ्यांना माहीत आहे. बलरामदादा दुर्योधनाला शब्द देऊन बसले तरी थेटरातला एकही माणूस घाबरत नाही, आणि तरी लोक रात्र रात्र बसले, वन्समोअर घेतले. लग्न होणार हे ठरलेलं असलं की लक्ष कसं होतं याकडे राहतं. मला त्या सेटलमेंटची कल्पना पहिल्या पानावर नव्हती आणि दोनशेव्या पानावरही नव्हती.

आणि शेवट तर त्याच्याही पुढे आहे. लग्नानंतर एक छोटं प्रकरण, नोव्हेंबर १८१७. सगळं लंडन काळ्या कपड्यांत, दुकानांत काळं कापड मिळेना, कारण राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली, रीजंटची एकुलती एक मुलगी, वय २१, पुढे राणी होणार होती. ५ नोव्हेंबरला रात्री मुलगा झाला तो मेलेला, आणि ६ ला पहाटे ती गेली. आमची हिरॉइन काळ्या कपड्यांत खिडकीशी उभी आहे आणि तिलाही दिवस गेलेत. वय तिचंही जवळपास तेवढंच. हीरो काही बोलत नाही, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसतो. पुस्तक संपतं. म्हणजे लग्न झालं आणि गोड झालं असं नाही हो, लेखिकेने भीती तशीच ठेवून दार लावून घेतलंय.

मी वाचून झालं आणि तारखेवर अडलो. ५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. त्याच दिवशी दुपारी पेशव्यांची फौज आणि इंग्रज खडकीला भिडले होते, आणि बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण चढलं. तिकडे बातमी जहाजाने पोचायला चार-सहा महिने लागत, म्हणजे खिडकीशी उभ्या त्या पोरीला हे कळायला पुढचं वर्ष उजाडणार. हे हिला सांगितलं तर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिला मुलगी होऊ दे, आणि तो कागद मुलीसाठी पण करून ठेवला असेल का हो? म्हटलं सेटलमेंटमध्ये मुलांचं कलम असतं, बघतो. परत जाऊन बघितलं, होतं.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत अशा पुस्तकांचं एखादं परीक्षण येऊ द्या, कुणीतरी नीट वाचून लिहिलेलं, एका परिच्छेदात उडवलेलं नको. आणि मराठी अनुवाद करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी तू आणि तुम्हीचं काय ठरवलंय ते कळवावं, आमच्याकडे दुसरं पुस्तक सुरू झालंय आणि त्यात हीरोच आधी तू म्हणतोय असं मला वाटतं, हिला वाटत नाही. हिचे डोळे आता ठणठणीत आहेत, पण वाचायचं काम माझ्याकडेच राहिलंय.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. पत्र टाकायच्या आधी हिला दाखवलं. म्हणते तीन महिने नाही, हिरॉइनच्या वाढदिवसाला अकरा आठवडे होते, एवढे कागद तपासले आणि हे चुकवलंत. परत उघडून पाहिलं. अकराच आहेत.